इंग्लिशचा डाउट आला की काय करायचं? गोव्यात नव्याने कामाला लागलेल्यांसाठी स्टेप बाय स्टेप

“सर, इश्यू म्हणजे काय?” एवढाच मेसेज येतो. मागे काही नाही, पुढे काही नाही. आता ह्याला काय उत्तर द्यायचं? हॉटेलात गेस्ट म्हणाला “देअर इज ॲन इश्यू विथ द एसी” तर एसी बिघडलाय, पंचायतीने दाखला “इश्यू” केला म्हणजे दिला, मासिकाचा “इश्यू” म्हणजे अंक, आणि घरच्या सक्सेशन डीडमध्ये काकांच्या नावापुढे “डाइड विदाउट इश्यू” लिहिलेलं असेल तर काका काही कटकट न करता गेले असं नव्हे, त्यांना मूलबाळ नव्हतं. चार ठिकाणी चार अर्थ, आणि विचारणाऱ्याला कुठला हवाय ते त्याने सांगितलेलंच नाही.

असे डाउट विचारणारी बहुतेक मंडळी डिचोली, सत्तरी, पेडण्याकडची, नाहीतर सावंतवाडी-दोडामार्गाहून इकडे कामाला आलेली. प्राथमिक शाळा मराठीतून झालेली, आता कुणी कळंगुटला हॉटेलच्या रिसेप्शनला, कुणी वेर्ण्याला कंपनीत, कुणी वकिलाच्या ऑफिसात, आणि मोपाचा विमानतळ २०२३ला सुरू झाल्यापासून कुणी तिथेपण. ह्यांना इंग्लिश येत नाही असं अजिबात नाही, बारावीला मार्कही बरे असतात, पण कामाच्या गडबडीत मध्येच एखादं वाक्य अडतं आणि मग कुणाला आणि कसं विचारायचं हे कळत नाही. तर आपला डाउट आपणच कसा सोडवायचा ते सांगतो. क्लास लावायची गरज नाही. (लावायचा तर लावा, माझं काही म्हणणं नाही.)

स्टेप १: सुटा शब्द नको, अख्खं वाक्य घ्या

शब्द अडला की ते वाक्य जसंच्या तसं उतरवा किंवा फोटो काढून ठेवा, आणि खाली एका ओळीत लिहा की कोण बोललं, कुणाला, कशावर. “गेस्ट, चेकआउटच्या वेळी, बिल बघून” एवढं पुरे. हे केल्यावर बऱ्याच वेळा विचारायची गरजच उरत नाही, लिहिता लिहिताच अर्थ लागतो. आणि विचारावं लागलंच तर समोरच्याला तुम्हाला उलटे प्रश्न विचारत बसावं लागत नाही.

स्टेप २: डाउट कसला आहे ते ठरवा

डाउट तीन जातीचे असतात. एक, अर्थ काय. दोन, वाक्य बरोबर आहे का, म्हणजे ग्रामर. तीन, असं बोललेलं चालतं का. हा तिसरा लोक विसरतात. “आय वॉन्ट युअर पासपोर्ट” हे ग्रामरने शंभर टक्के बरोबर आहे, पण रिसेप्शनवर असं बोललात तर गेस्टला वाटेल पोलीस आला. अर्थ डिक्शनरीत मिळतो, ग्रामर ग्रामरच्या पुस्तकात, आणि चालतं की नाही हे लोक खरंच कसं बोलतात-लिहितात ते बघूनच कळतं. चुकीच्या दुकानात गेलं की माल मिळत नाही, तसंच हे.

स्टेप ३: डिक्शनरी, पण बरोबरची

घरात जी इंग्लिश-मराठी डिक्शनरी असते ती वाईट नाही, पण ती नुसता प्रतिशब्द देते, तो शब्द वाक्यात कसा बसवायचा ते सांगत नाही. त्यासाठी लर्नर्स डिक्शनरी हवी, म्हणजे इंग्लिश शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम केलेली. ऑक्सफर्डची ॲडव्हान्स्ड लर्नर्स सगळ्यांत नावाजलेली. ए. एस. हॉर्नबी जपानात इंग्लिश शिकवायचे, तिथल्या मुलांच्या अडचणी बघून त्यांनी ती केली, पहिल्यांदा १९४२ला जपानात निघाली आणि मग १९४८ला ऑक्सफर्डने काढली. म्हणजे तिचा जन्मच आपल्यासारख्यांसाठी झालाय. लाँगमनच्या डिक्शनरीत तर सगळे अर्थ साधारण दोन हजार सोप्या शब्दांतच सांगायचे असं बंधन घालून घेतलंय, त्यामुळे अर्थ वाचताना त्यातलाच शब्द अडला असं सहसा होत नाही. केंब्रिजचीपण आहे. तिन्ही ऑनलाइन फुकट आहेत, उच्चार ऐकायचं बटणसुद्धा आहे.

आता उघडल्यावर काय बघायचं? लोक पहिला अर्थ वाचतात आणि बंद करतात. तसं नाही. उदाहरणाला “लगेज” घ्या. शब्दाच्या बाजूला “अनकाउंटेबल” असं लिहिलेलं किंवा नुसतं यू अक्षर दिसेल. त्याचा अर्थ ह्याला एस लागत नाही, “लगेजेस” म्हणायचं नाही आणि “अ लगेज” पण नाही. दोन बॅगा असतील तर “टू पीसेस ऑफ लगेज” नाहीतर सरळ “टू बॅग्स”. मराठीत आपण “दोन सामानं” कुठे म्हणतो, तसंच. “इन्फर्मेशन”, “फर्निचर”, “इक्विपमेंट”, “ॲडव्हाइस”, “फीडबॅक” हे सगळे ह्याच पंक्तीतले, आणि ऑफिसच्या मेलमध्ये सगळ्यांत जास्त एस ह्यांनाच लागलेले असतात. मग खाली या, अर्थांना नंबर असतात, प्रत्येकाखाली एक-दोन वाक्यं असतात, तुम्ही स्टेप १ला उतरवलेलं वाक्य त्यातल्या कुठल्याशी जुळतं ते बघा. तोच तुमचा अर्थ. शेवटी लेबल बघा, “इन्फॉर्मल”, “ओल्ड-फॅशन्ड”, “इंडियन इंग्लिश” वगैरे, त्याचं काम पुढे पडेल.

मराठीतून इंग्लिशकडे जायचं असेल तर कुणीतरी हमखास मोल्सवर्थ सुचवतो. १८३१चा कोश, १८५७ला सुधारलेली आवृत्ती, मराठी शब्दांचा खजिनाच आहे आणि मला फार आवडतो, पण त्यातलं इंग्लिशही त्याच काळातलं आहे, ते उचलून मेलमध्ये टाकू नका.

छापील बघायची असेल तर पणजीला पाटोवर, कदंब स्टँडपासून चालत जाण्यासारखं, कृष्णदास शामा ग्रंथालय आहे. १८३२ची संस्था आहे ती.

स्टेप ४: ग्रामर, म्हणजे मराठी जिथे पाय ओढते त्या जागा

अख्खं ग्रामर शिकायला बसू नका. मराठी बोलणारा माणूस ठरावीक जागीच अडखळतो, त्या जागा ओळखल्या तरी पुष्कळ.

पहिली म्हणजे “अ” की “ॲन”. शाळेत शिकवलं की ए, ई, आय, ओ, यू च्या आधी “ॲन”. हे अर्धंच खरं आहे कारण नियम अक्षराचा नाही, उच्चाराचा आहे, आणि इथे आपल्याला देवनागरीचा मोठा फायदा आहे. शब्द मराठीत लिहून बघा. पहिलं अक्षर स्वर आलं तर “ॲन”, व्यंजन आलं तर “अ”. पंचायतीची “एनओसी”, ए ने सुरू, म्हणून “ॲन एनओसी”. तसंच “ॲन एफआयआर”, “ॲन एमएलए”. “अवर” म्हणजे तास, स्पेलिंग एच ने असलं तरी आपण लिहितो अ ने, म्हणून “ॲन अवर”. उलट “युनियन” स्पेलिंगला यू असला तरी आपण य लिहितो, म्हणून गोवा १९८७पर्यंत “अ युनियन टेरिटरी” होता, “ॲन” नाही. “वन-वे” व ने, म्हणून “अ वन-वे”. ही युक्ती इंग्रजांकडेसुद्धा नाही.

“द” कधी लावायचा हा त्याहून किचकट मामला. मराठीत असलं काही नाहीच, त्यामुळे एकतर आपण सगळीकडे लावतो नाहीतर कुठेच नाही. सोपी टेस्ट अशी की ऐकणाऱ्याने “कुठला?” असं विचारलं असतं का? “आय बॉट अ स्कूटर”, कुठली ते त्याला माहीत नाही. पुढच्या वाक्यात “द स्कूटर इज इन फोंडा”, आता माहीत आहे, तीच ती. नद्यांना “द” लागतो, गावांना नाही: “द मांडवी”, पण नुसतं “पणजी”. इतक्यावर नव्वद टक्के कामं होतात, उरलेल्या ठिकाणी डिक्शनरीतली वाक्यं बघा.

मग काळ. अर्जात लोक लिहितात “आय हॅव सबमिटेड द फॉर्म ऑन १२ जून”. मराठीत “मी १२ जूनला फॉर्म दिलेला आहे” हे एकदम ठीक, पण इंग्लिशमध्ये संपलेली वेळ सांगितली, म्हणजे काल, गेल्या महिन्यात, १२ जूनला, २०१९मध्ये, की “हॅव” काढायचा. “आय सबमिटेड द फॉर्म ऑन १२ जून.” वेळ सांगायची नसेल तर “आय हॅव सबमिटेड द फॉर्म” बरोबर.

आणि “पासून”. हा आपला शब्द दोन्ही कामं करतो, “२०२३पासून” आणि “दोन वर्षांपासून”, म्हणून आपण दोन्हीकडे “सिन्स” ठोकतो. इंग्लिशमध्ये सुरुवातीची खूण असेल तर “सिन्स २०२३”, किती काळ ते असेल तर “फॉर टू इयर्स”. आणि “आय ॲम वर्किंग” नाही, “आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स”. इंटरव्ह्यूला हे वाक्य येतंच येतं, पाठ करून टाका, लाज नाही त्यात.

“आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स” हे पण तसंच. भाऊ असणं ही चालू असलेली क्रिया नव्हे, म्हणून “आय हॅव टू ब्रदर्स”. जेवण मात्र चालू असतं, म्हणून “आय ॲम हॅविंग लंच” चालतं. “नो”, म्हणजे माहीत असणं, “वॉन्ट”, “बिलाँग” ह्यांना पण सहसा आयएनजी नको.

“डिस्कस अबाउट” लिहू नका, “च्याबद्दल” त्या “डिस्कस”च्या पोटातच आहे. “रिटर्न बॅक” तसंच. आणि प्रश्नात प्रश्न असला की आतला प्रश्न उलटा होत नाही: “कॅन यू टेल मी व्हेअर द बस स्टँड इज”, “व्हेअर इज द बस स्टँड” नाही.

पुस्तकच हवं असेल तर रेमंड मर्फीचं “इंग्लिश ग्रामर इन यूज” हे निळं पुस्तक घ्या, १९८५पासून चालतंय. डाव्या पानावर समजावलेलं, उजव्या पानावर एक्सरसाइझ, उत्तरं मागे. अगदी पहिल्यापासून सुरुवात असेल तर त्यांचंच लाल. पहिल्या पानापासून वाचायचं नाही हां, जो डाउट आला त्याचंच पान उघडायचं.

स्टेप ५: चालतं का?

आता हॉटेलवाल्यांनी नीट वाचा, कारण ग्रामरच्या चुका गेस्ट माफ करतात, ह्या करत नाहीत, निदान गैरसमज तरी होतोच.

मराठीत मान “तुम्ही”त असतो आणि “द्या ना”तल्या “ना”त असतो. इंग्लिशमध्ये “यू” एकच, मग मान ठेवायचा कुठे? तो “कुड” आणि “वुड”मध्ये ठेवतात. “गिव्ह मी युअर पासपोर्ट”च्या जागी “कुड आय सी युअर पासपोर्ट, प्लीज?”. शाळेत “कुड” म्हणजे “कॅन”चा भूतकाळ असं शिकवतात, काउंटरवर तो भूतकाळ नाही, तो आदर आहे. मेलमध्ये पण “सेंड मी द रिपोर्ट” पेक्षा “कुड यू सेंड मी द रिपोर्ट”.

हो आणि नाही, ह्यात तर मोठा सापळा. गेस्ट विचारतो, “डोन्ट यू हॅव हॉट वॉटर?” मराठीत कुणी “गरम पाणी नाही?” विचारलं तर आपण म्हणतो “हो, नाही”, म्हणजे तुम्ही म्हणता ते बरोबर. तेच डोक्यात ठेवून “यस” म्हणालात तर गेस्ट समजणार पाणी आहे आणि जाऊन नळाखाली उभा राहणार. इंग्लिशमध्ये पाणी नसेल तर “नो”, प्रश्न कसाही विचारलेला असो. आणि “डू यू माइंड इफ आय सिट हिअर?” म्हणजे बसलो तर तुमची हरकत आहे का, त्याला “यस यस” म्हणजे हो हरकत आहे! “नॉट ॲट ऑल, प्लीज सिट” म्हणा. नवीन असाल तोवर नुसतं हो-नाही सोडूनच द्या, पूर्ण वाक्य बोला: “सॉरी, देअर इज नो हॉट वॉटर राइट नाऊ.” मग घोळ व्हायला जागाच नाही.

“च”ला “ओन्ली” लावायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे, “आय ॲम फ्रॉम म्हापसा ओन्ली”, म्हापशाचाच. आपल्यात गोड वाटतं, बाहेरच्याला “फक्त” ऐकू येतं आणि तो विचारात पडतो.

आणि सगळे गोरे एक इंग्लिश बोलत नाहीत. ब्रिटिश माणसाला “चिप्स” म्हणजे तुमचे फ्रेंच फ्राइज, आपल्या पाकिटातल्या चिप्सना तो “क्रिस्प्स” म्हणतो. अमेरिकन माणूस “फर्स्ट फ्लोअर” म्हणतो तेव्हा तो तळमजला असतो, बॅग वर घेऊन जाण्याआधी विचारा. तो “चेक” मागतो तेव्हा बिल मागतो. “आँत्रे” अमेरिकनला मुख्य जेवण, ऑस्ट्रेलियनला स्टार्टर. ब्रिटिश गेस्टने टॅक्सी “हाफ सेव्हन”ला सांगितली तर साडेसात, आणि जर्मन माणसाने तेच म्हटलं तर त्याच्या भाषेत ते साडेसहा असतं, त्यामुळे वेळ आली की आकडा बोलून घ्या, “सेव्हन थर्टी, राइट?”. “आय ॲम गुड” म्हणजे तब्येत बरी आहे असंच नाही, चहा विचारल्यावर म्हणाला तर “नको, थँक्यू”. रशियन पाहुण्यांबरोबर तर उलटं, त्यांचंही इंग्लिश बऱ्याच वेळा आपल्यासारखंच शिकून आलेलं असतं, तिथे छोटी वाक्यं आणि साधे शब्द, फॅन्सी काही नको.

एखादं वाक्य लोक खरंच लिहितात का हे बघायचं असेल तर ते अवतरण चिन्हांत टाकून गूगल करा. किती रिझल्ट आले तो आकडा सोडून द्या, कोणी लिहिलंय ते बघा. मोठ्या वर्तमानपत्रांत, पुस्तकांत दिसलं तर बिनधास्त वापरा.

स्टेप ६: आपलं इंग्लिश आणि गोव्याचं इंग्लिश

“प्रीपोन” चूक आहे असं ठासून सांगणारे भेटतील. चूक नाही, ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत “इंडियन इंग्लिश” असं लेबल लावून बसलाय. प्रश्न एवढाच की समोरचा कोण. फोंड्यातल्या ऑफिसात मीटिंग खुशाल “प्रीपोन” करा, लंडनच्या क्लायंटला “मूव्ह्ड फॉरवर्ड टु थर्सडे” असं वारासकट लिहा. “आय पास्ड आउट इन २०१९” म्हणजे इथे डिग्री मिळाली, तिकडे बेशुद्ध पडलो. “आय हॅव अ डाउट” म्हणजे इथे प्रश्न आहे, तिकडे तुमच्यावर शंका आहे, म्हणून परदेशी साहेबाला “आय हॅव अ क्वेश्चन”. ह्यात लाजण्यासारखं काही नाही असं माझं स्पष्ट मत आहे, कोणासमोर काय बोलायचं एवढंच कळायला हवं.

बाहेरून गोव्यात आलेल्यांना आणखी एक अडचण येते. इथल्या इंग्लिश पेपरात, नोटिशीत असे शब्द असतात जे कुठल्याच इंग्लिश डिक्शनरीत ह्या अर्थाने मिळत नाहीत. “पायलट” म्हणजे विमानाचा नव्हे, मोटरसायकल टॅक्सीवाला. “सोपो” म्हणजे बाजारात बसायची फी. “कोमुनिदाद” म्हणजे गावकीच्या जमिनीची जुनी संस्था. हे शब्द भाषांतर करायच्या भानगडीत पडू नका, जसेच्या तसे ठेवा.

विशेषतः “मुंडकार”. वकिलाच्या किंवा पंचायतीच्या कागदावर काम करत असाल तर हे फार महत्त्वाचं. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत त्याच्या संमतीने घर करून राहणारा तो मुंडकार, त्याच्यासाठी १९७५चा वेगळा कायदा आहे. शेत कसणारा कूळ वेगळा, त्याचा कायदा १९६४चा, आणि तिथे इंग्लिशमध्ये “टेनंट” म्हणतात. भाडं देऊन राहणारा आणखी वेगळा. मशीनने “मुंडकार”चं “टेनंट” केलं आणि तुम्ही तसंच अर्जात टाकलं, तर माणूस एका कायद्यातून उचलून दुसऱ्यात गेला. असा शब्द आला की कायद्यात जो आहे तोच लिहायचा, इंग्लिश अर्जातसुद्धा “मुंडकार”च.

स्टेप ७: मशीनला विचारताना

ट्रान्सलेट ॲप किंवा चॅटबॉट वापरू नका असं मी म्हणणार नाही, सगळेच वापरतात. पण स्टेप १ तिथेही करा, अख्खं वाक्य आणि कोण कुणाला ते द्या. “हे बरोबर आहे का?” असं विचारू नका, “ह्यात चूक कुठे आहे, का आहे, आणि असाच वापर असलेली आणखी तीन वाक्यं दे” असं विचारा. मग तो शब्द डिक्शनरीत उघडून ती वाक्यं जुळतात का बघा. भाषांतर करून घेतलं असेल तर तेच परत मराठीत करून बघा, उलटं आलेलं मराठी विचित्र वाटलं तर मधे कुठेतरी घोळ आहे.

स्टेप ८: रोजचा रियाझ

ह्याला पैसे लागत नाहीत, फक्त दोन पेपर लागतात. सकाळी गावची एखादी बातमी मराठीत वाचा, मग तीच इंग्लिश पेपरात शोधा. नवप्रभा आणि नवहिंद टाइम्स एकाच घरचे, त्यामुळे तीच घटना दोन्हीकडे सापडायला सोपं. ओ हेराल्डो घेतलात तरी चालेल, तो १९००ला पोर्तुगीजमध्ये सुरू झाला आणि १९८३ला इंग्लिश झाला, म्हणजे भाषा बदलायचं त्यालापण चुकलं नाही. काय झालं ते तुम्हाला आधीच माहीत असतं, त्यामुळे अर्थासाठी अडत नाही आणि सगळं लक्ष शब्दांवर राहतं. ग्रामसभेत लोकांनी “हरकत घेतली” त्याला “रेज्ड ऑब्जेक्शन्स”, पाणीपुरवठा “खंडित” त्याला “डिसरप्टेड”, अपघातात “किरकोळ जखमी” त्याला “सस्टेन्ड मायनर इंज्युरीज”. अशा जोड्या वहीत समोरासमोर लिहा, दिवसाला दोन-तीन, जास्त नको. आणि वहीत अख्खं वाक्यच लिहा, नाहीतर महिन्याभराने त्याच वहीतून मला मेसेज येईल, “सर, सस्टेन म्हणजे काय?”